गुहेच्या तोंडाशी कुणीतरी

नेवासा तालुक्यात गुहा शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती फारसं काही लागणार नाही. प्रवरेच्या दोन्ही थडींना काळी जमीन, ऊस, मधूनच एखादं पांढरीचं टेकाड. ह. धी. सांकलियांनी १९५४ च्या सुमारास इथे उत्खनन सुरू केलं, तेव्हा पुराश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली तीही नदीच्या गोट्यावाळूच्या थरात. तरीही गुहेत एकट्याने शिरण्याबद्दल लिहायचं तर मला नेवाशापासूनच सुरुवात करावीशी वाटते. इथल्या पैस खांबाशी ज्ञानेश्वरी हा जो ग्रंथ सांगितला गेला, त्याच्या मुळाशी एका मुलाचं एकट्याने गुहेत शिरणं आहे.

परंपरा सांगते ती कथा अशी. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई मुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते. वाटेत वाघ आडवा आला. पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि डोंगरातल्या एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ होते. त्यांनी जे दिलं ते निवृत्तीने धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिलं, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ते नेवाशात मराठीत बोललं गेलं. ही कथा आपण नेहमी गुहेच्या आतून ऐकतो. मला मात्र बाहेर राहिलेल्या रुक्मिणीबाई दिसत राहतात. बाकीची लेकरं पोटाशी धरून ती माय थोरल्याला हाका मारत असणार.

मला गुहांची ओढ आहे, आणि ती एकट्याने जाण्याचीच आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे धोक्यांबद्दल लिहिणार आहे ते कुणाला घरी बसवण्यासाठी नाही. नेवासा फाट्यावर संभाजीनगरची एसटी धरली की तिथून पुढे वेरूळ लांब नाही. आडवारी जावं, कैलासाची गर्दी मागे टाकून हिंदू लेण्यांच्या टोकाच्या एकोणतिसाव्या लेण्याशी, धुमार लेण्याशी पोचावं. पावसाळ्यात शेजारच्या कड्यावरून धबधबा कोसळत असतो. आत शिरल्यावर आधी नुसता काळोख दिसतो, मग त्या काळोखात खांब उभे राहतात, मग भिंतीवरच्या रावणाचे हात, वरचा हलणारा कैलास. सोबत कुणी असलं की आपण बोलत राहतो आणि डोळ्यांना हा वेळ देत नाही. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत चारांपैकी तीन खांब मोडलेले, मधोमध भलं मोठं शिवलिंग आणि भोवती थंडगार पाणी. त्या पाण्यात एकट्याने उतरल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो स्वतःचा श्वास. मन काही वेळ बडबडतं: घरचं, पैशांचं, कुणीतरी लावून बोललेलं. मग त्याचे विषय संपतात. हे विषय संपणं मला दुसरीकडे फारसं मिळालेलं नाही, घरच्या देवघरातही नाही.

गुहेतला एकटेपणा मनाचं काय करतो हे नीट तपासायला एक माणूस मुद्दाम आत जाऊन राहिला होता. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ १९६२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आल्प्समधल्या स्कारासोन इथल्या बर्फाच्या गुहेत घड्याळाशिवाय उतरला. दोन महिने एकटा राहिला. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचं त्याला कळवलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता. आतून तो सेकंदाला एक या अंदाजाने एकशेवीसपर्यंत आकडे मोजायचा; बाहेरच्या घड्याळात पाच मिनिटं झालेली असायची. दिवसच्या दिवस त्याच्या हातून असे निसटले आणि त्याला पत्ता लागला नाही. पण मला या प्रयोगात महत्त्वाची वाटते ती टेलिफोनची तार. गुहेच्या तोंडाशी त्याचे साथीदार तळ ठोकून होते. तो उठला, जेवला, झोपायला निघाला की वर फोन करायचा. त्यांनी आपण होऊन फोन करायचा नाही, वेळ सांगायची नाही, असं ठरलं होतं. त्याचा एकांत त्यांनी राखला आणि तो जिवंत आहे ना यावर लक्षही ठेवलं.

आपल्याकडच्या गुहा तशा खोल नाहीत. मेघालयात चुनखडीच्या पोटात पाण्याने कोरलेल्या कित्येक किलोमीटर लांबीच्या गुहा आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. त्यातल्या नैसर्गिक गुहा बहुधा दोन कठीण थरांमधला मऊ थर झिजून झालेल्या, नाहीतर लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या पोकळ्या. बाकीच्या माणसाने छिन्नीने कोरलेल्या. पारनेर तालुक्यातल्या वडगाव दर्याला पाझरत्या पाण्यातल्या चुन्याचे खांब लोंबताना दिसतात, पण तसं ठिकाण विरळा. गुहा आखूड म्हणून माणूस बेफिकीर होतो, आणि इथेच फसगत होते. छताला आग्या मोहोळ असतं. अत्तराच्या वासाने किंवा धुराने ते उठतं, आणि एकच तोंड असलेल्या लेण्यातून पळायला वाट राहत नाही. कोरड्या दिवसांत वटवाघळांच्या विष्ठेची धूळ छातीत जाते, तिच्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. कड्यातल्या गुहेची वाट शेवाळलेली असते. नेवासा-पारनेरच्या या जिल्ह्यात बिबट्या आहे हे तर ऊसतोड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यातलं काहीही जोडीने गेल्याने टळत नाही. पण मुरगळलेल्या पायानिशी रात्र काढावी लागणं आणि तासाभरात खाली पोचणं, एवढा फरक जोडीदार करू शकतो.

अमेरिकेतल्या केंटकीचा फ्लॉइड कॉलिन्स हा कसलेला गुहाशोधक. ३० जानेवारी १९२५ रोजी तो एकटाच सँड केव्ह नावाच्या गुहेत उतरला. परतताना अरुंद बोळात एक दगड निसटून त्याच्या पायावर अडकला. दगड जेमतेम बारा किलोंच्या आसपासचा. तो कुठे गेलाय हे शेजाऱ्यांना माहीत होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याचा पत्ता लागला. लोक त्याच्या डोक्यापर्यंत पोचत होते, त्याला खाऊपिऊ घालत होते. पाय मात्र त्याच्या अंगापलीकडे, आतल्या बाजूला होता, आणि तिथवर कुणाचा हात जाईना. बाजूने विवर खणत लोक त्याच्यापाशी पोचले तोवर तो गेला होता. म्हणजे बाहेर माहीत असणंही कधीकधी पुरत नाही. हे मान्य करूनच पुढचं म्हणतो.

एप्रिल २०२४ मध्ये आमच्याच नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात जे घडलं ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. शेणाच्या रबडीने भरलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, विषारी वायूने तो आतच राहिला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. वाचला तो एक जण, कमरेला दोर बांधून उतरलेला. ती गुहा नव्हती आणि ते लोक हौसेने उतरले नव्हते. मायेने उतरले होते. पण जमिनीच्या पोटातली बंद हवा कारण विचारत नाही. तिथे माणसं किती आहेत याला अर्थ उरला नाही, दोर कितींच्या कमरेला होता याला उरला.

एकांताच्या जागेबद्दल म्हणायचं तर, ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाची जागा कशी असावी ते सांगितलं आहे, आणि ते वर्णन काळोख्या विवराचं नाही. तिथे निर्मळ पाणी आहे, गोड झाडं आहेत, मंद वारा आहे, पाखरं आहेत. जागा इतकी रमणीय की राज्य भोगणाऱ्यालाही सगळं सोडून इथेच राहावंसं वाटावं. आणि मला कायम थबकवणारी गोष्ट ही की, ती जागा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी रुळलेली नसावी, पण तिथे साधकांची वस्ती असावी, असं ते म्हणतात. हे शब्द ज्यांनी उच्चारले त्यांच्यासमोर ते उतरवून घ्यायला सच्चिदानंदबाबा बसले होते. शिवथरच्या घळीत समर्थांजवळ कल्याण होता, असं परंपरा सांगते. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले तेव्हा त्यांना हुडकत भाऊ कान्होबा तिथवर पोचले. आपल्या संतांचा एकांत आपण फार निर्मनुष्य करून ठेवला आहे. तो तसा नव्हता, असं माझं ठाम मत आहे.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत एका घरी वर जाण्याआधी चहा घेतला होता. घरातल्या मावशींनी विचारलं, “एकटाच का दादा? सांजच्याला येशील ना? भाकरी टाकते मग.” मी हो म्हणालो. ती भाकरी नुसती जेवणाची सोय नव्हती. मी अंधार पडेपर्यंत आलो नसतो तर त्यांनी पोराला वर धाडलं असतं, हे त्यांच्या विचारण्यातच होतं. थायलंडमध्ये २०१८ साली थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा ती आत आहेत हे उमगलं ते तोंडाशी लावलेल्या सायकलींवरून. निदान सायकली तरी होत्या.

म्हणून ज्यांना माझ्यासारखी ओढ आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. लेण्यात, घळीत, कपारीत एकट्याने जरूर बसा. पण अनोळखी, अरुंद, खाली उतरत जाणाऱ्या गुहेत एकट्याने शिरू नका, आणि पावसात तर मुळीच नको. जुन्या विहिरीत, भुयारात दोराशिवाय आणि वर दोर धरणाऱ्या माणसांशिवाय उतरू नका. विजेऱ्या दोन नाही, तीन ठेवा. आणि निघण्याआधी पायथ्याच्या एखाद्या घरी थांबा, कुठे जाताय ते सांगा, किती वाजेपर्यंत परत येणार ते सांगा, आणि त्या वेळेला परत या.