सौदागिरीचा ठसा

कापडाच्या पेढीवर तागा उलगडला की ग्राहकाचा हात पोताकडे जातो आणि डोळे नक्षीकडे. व्यापारी भाव सांगतो, रंग पक्का असल्याची ग्वाही देतो, छपाई सांगानेरची आहे की कच्छची हेही सांगतो. मात्र ती नक्षी ज्या लाकडी ठशातून उमटली, तो ठसा कोणी कोरला, हे त्याला सहसा ठाऊक नसते. कापडाच्या साखळीतील हा सर्वांत मागे राहिलेला दुवा आहे.

गांधीनगरलगत, साबरमतीच्या काठी पेथापूर हे गाव आहे. तेथील काही घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सागवानी ठसे कोरले. एके काळी या ठशांनी छापलेले सुती कापड सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला जात असे. नक्षी तेथील लोकांच्या आवडीची आणि कसब गुजरातचे. समुद्रापलीकडील या सौद्यावरून त्या छपाईला ‘सौदागिरी’ हेच नाव पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा व्यापार थांबला. कारागिराचा हात थकला नव्हता, सागवानही संपले नव्हते. केवळ मागणी आटली आणि एक संपन्न शैली निमाली. पेथापूरचा ठसा तगला तो कच्छच्या अजरखसारख्या इतर छपाईला त्याची गरज होती म्हणून.

ही परंपरा किती जुनी, याची साक्ष इजिप्तमध्ये मिळाली आहे. कैरोजवळील फुस्तात येथे गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे अनेक तुकडे सापडले. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात अशा भारतीय छापील कापडांचे सुमारे १२०० तुकडे आहेत. त्यांपैकी काहींवरील हंसांच्या ओळी पश्चिम भारतातील जैन हस्तलिखितांच्या चित्रांतील वस्त्रांशी मिळत्याजुळत्या आहेत. ज्ञानभांडारांनी त्या पोथ्या शतकानुशतके जपल्या. झिजलेल्या ठशाच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते; तो बहुधा टाकूनच दिला जातो.

ठसा घडविणे हे धीराचे काम आहे. सागवानाचा तुकडा घासून आरशासारखा सपाट करावा लागतो. त्यावर पांढरा लेप देऊन नक्षी उतरविली जाते. मग दोरीच्या धनुकलीने फिरणारे गिरमिट आणि बारीक छिन्न्या यांनी नको असलेले लाकूड काढले जाते; जे शिल्लक उरते तेच कापडावर उमटते. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो: एक रेखेचा, एक पार्श्वभूमीचा, एक आतील भरणीचा. हे सर्व ठसे एकमेकांवर अचूक बसले पाहिजेत. केसभर फरक पडला, तरी तो चुकीच्या रूपाने सबंध ताग्यावर पुन्हा पुन्हा छापला जातो. कोरून काढलेले लाकूड परत बसविता येत नाही.

आज तीच नक्षी स्क्रीनवर किंवा संगणकीय यंत्रावर अल्पावधीत आणि स्वस्तात छापता येते. हा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. ग्राहकाच्या ऐपतीप्रमाणे माल ठेवणे हा व्यापाराचा धर्मच आहे. दोष आहे तो यंत्रावरचे कापड ‘हातछपाई’ म्हणून विकण्यात. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे एका मालाच्या नावाखाली तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या मालाची विक्री. येथे फसवणूक केवळ ग्राहकाची होत नाही. ज्याने दिवसचे दिवस मान मोडून ठसा कोरला, त्याच्या श्रमाचे मोल दुसऱ्याच मालाच्या किमतीत वसूल होते. खरी हातछपाई ओळखणे फारसे अवघड नसते. दोन छाप जेथे जुळतात तेथे किंचित सांधा दिसतो आणि रंग सर्वत्र एकसारखा बसलेला नसतो. हा दोष नसून हाताची खूण आहे, हे ग्राहकाला समजावून सांगणारा व्यापारी त्या कारागिराचा खरा आधार ठरतो.

पेथापूरच्या ठशांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनाने नाव सुरक्षित राहते. चूल पेटते ती कामामुळे. व्यापारी हिशेबानेच पाहिले, तर ठशाची किंमत एकदाच मोजावी लागते आणि ती अनेक ताग्यांवर विभागली जाते. दर मीटरमागे तिचा भार थोडाच पडतो. जुन्या नक्षीची नक्कल करण्याऐवजी कापडाच्या पेढीने वर्षाकाठी एक जरी नवा ठसा कोरून घेतला आणि वेळेवर दाम चुकते केले, तरी कारागिराच्या मुलाला वडिलांची छिन्नी हाती घेण्यास कारण मिळेल. सौदा थांबला तेव्हा सौदागिरी संपली. उरलेल्या ठशांचे भवितव्यही पेढीवरील पुढच्या मागणीतच आहे.