इतवारी–नागभीड : ‘रूपांतर’ या शब्दाविषयी

नागपूरच्या इतवारी स्थानकातून नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी २५ नोव्हेंबर २०१९ रोजी बंद झाली. त्याआधी १ डिसेंबर २०१५ रोजी इतवारी–छिंदवाडा नॅरोगेज थांबली होती. रेल्वेच्या भाषेत दोन्हींना नाव एकच : गेज-रूपांतर. आजचा धागा या शब्दाविषयी आहे.

नागभीडचा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ मध्ये खुला केला. लांबी सुमारे १०६ किलोमीटर. दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. अरुंद रूळ म्हणजे कमी भराव, लहान पूल, हलकी इंजिने. मात्र या काटकसरीची किंमत इतवारीला मोजावी लागे. ब्रॉडगेजची वाघीण या रुळांवर चालणे शक्य नव्हते. पुढे जाणारा माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट, नासधूस निराळी. ट्रकला ही अडचण नव्हती. भिवापूरची मिरची तो खळ्यावरून थेट नागपूरच्या बाजारात आणू शकत होता. पुढे गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही ‘छोटी लाईन’ नागभीडच्या टोकालाही परकी झाली. माझ्या मते तिचा अंत तेव्हाच ठरला. २०१९ मध्ये तो केवळ जाहीर झाला.

माझे आजोळ भिवापूरचे. मालवाहतुकीचे गणित आजीच्या गावीही नव्हते. तिच्या लेखी ही गाडी म्हणजे नागपूर गाठण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. गाडी बंद झाल्यावर चार महिन्यांत टाळेबंदी आली. पुढे ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. (संपकऱ्यांची बाजू हा स्वतंत्र धाग्याचा विषय.) त्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या तपासणीला यायचे, तर काळीपिवळीवाला सांगेल ते भाडे. आजीने तपासणी दोनदा पुढे ढकलली.

रूपांतराला माझा विरोध नाही. छिंदवाड्याला आता ब्रॉडगेजने जाता येते, ते उत्तमच. परंतु ‘रूपांतर’ म्हटले की मधली वर्षे कागदावरून पुसली जातात, आणि ती वर्षे कोणीतरी पायी, उसनवारीने, घरी बसून काढलेली असतात. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात २००२ पासून इंजिने जपली आहेत. प्रवाशांच्या आठवणींना तशी जागा नाही.

उमरेड, भिवापूर, नागभीडकडील वाचकांनो, घरी जुने तिकीट, मासिक पास वा फलाटावरचे छायाचित्र असल्यास अवश्य कळवा. बाजाराच्या दिवशी कोणत्या स्थानकावर कोण, काय घेऊन चढे, याची टिपणे मी उमरेडपासून सुरू केली आहेत.