कुपीतील कॉफी

पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांतही आता कुपीतील एस्प्रेसो पोचली आहे, आणि तिच्याबरोबर काही गैरसमजही. नेस्प्रेसोने १९८६ साली बाजारात आणलेल्या या कुपीत झटपट विरघळणारी भुकटी नसते. भाजून दळलेली ५-६ ग्रॅम कॉफी हवाबंद असते. कडक म्हणून ती झोप उडवणारी, हेही अर्धसत्य. मोठ्या पेल्यातील फिल्टर कॉफीत कॅफीन बहुधा अधिकच भरते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवता येते, म्हणून कुपी निरुपद्रवी, हा समज मात्र महागडा. चोथ्यासकट फेकलेली कुपी कचराच ठरते. खनिजापायी डिचोलीचे डोंगर पोखरले गेलेले आम्ही पाहिले आहेत. धातूचे मोल आम्हांस कोणी सांगावयास नको. तेव्हा चोथा माडाच्या आळ्यात घालावा, कुपी धुऊन कोरड्या कचऱ्यात वेगळी द्यावी; मगच पाहुण्यापुढे दुसरा पेला ठेवावा.