कोणता प्रश्न आधी?

संशोधन कशावर व्हावं हे ठरवताना पेशंटलाही मत असतं, हे इंग्लंडला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मला पेम्फिगस आहे. त्वचेच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लिन या प्रथिनावर आपलीच प्रतिकारशक्ती उलटते आणि फोड येतात. माझ्या तोंडात ते आधी आले. वरणभातसुद्धा झोंबायचा.

जेम्स लिंड अलायन्स हा ब्रिटिश उपक्रम २००४ सालचा. त्याच्या पद्धतीत रुग्ण, काळजीवाहक आणि डॉक्टर मिळून अनुत्तरित प्रश्न जमवतात, उत्तर सापडलेले गाळतात आणि उरलेल्यांतले पहिले दहा निवडतात. औषध कंपन्यांना मत नसतं. फोड येणाऱ्या आजारांसाठीची आमची बैठक अशीच होती.

टेबलावर प्रश्नांची कार्डं. ती क्रमाने लावायची होती. माझं कार्ड लगेच दिसलं: स्टेरॉइड कधी थांबवता येईल? शेजारच्या बाईंच्या म्हाताऱ्या वडिलांना पेम्फिगॉइड, हा फोडांचाच दुसरा आजार; खाजेने त्यांना रात्र रात्र झोप नाही. त्वचातज्ज्ञांना लवकर निदान हवं होतं. मला काही सुचेना. एक कार्ड वर सरकवलं की दुसरं खाली जाणार, आणि ज्याचं खाली जाणार तो माणूस समोर बसलेला.

तेव्हा एका डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेली ‘ब्लिस्टर’ चाचणी समजावली. पेम्फिगॉइडच्या रुग्णांपैकी काहींना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, काहींना डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. सहा आठवड्यांनी फोड आटोक्यात आले ते अनुक्रमे ९१ आणि ७४ टक्के जणांचे. मात्र वर्षभरात औषधाचे गंभीर दुष्परिणाम ३६ आणि १८ टक्के जणांना झाले. नुसते फोड मोजले असते तर स्टेरॉइडच सरस ठरलं असतं. वर्षभर माणसाचं काय होतं हे विचारलं, म्हणून दुसरा मार्गही दिसला. मला धीर आला. मी माझ्या कार्डासाठी बोलले, खाजेच्या कार्डासाठीही बोलले.

भारतात पेम्फिगस तुलनेने कमी वयात गाठतो. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी रूढ केलेल्या, ठरावीक दिवसांनी मोठे डोस देण्याच्या ‘पल्स’ उपचारातलं सायक्लोफॉस्फमाइड मूल होण्याच्या क्षमतेला बाधा आणू शकतं. तिथल्या तरुण मुलीचा पहिला प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा असणार, आणि तो तिनेच मांडायला हवा.

तुम्हाला किंवा घरात कुणाला असा आजार असेल, तर पुढच्या तपासणीला प्रश्न लिहून न्या. डॉक्टरांना विचारा: याचं उत्तर कुणी शोधतंय का?