करवंदीचं कुंपण

करवंद मला पहिल्यांदा भेटलं ते म्हैसमाळच्या डोंगरउतारावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत खुलताबादला मामांकडे गेलो, की आम्हा पोरांची सकाळ करवंदीच्या जाळ्यांमध्येच जायची. हातांवर ओरखडे, ओठांना चिकट चीक आणि प्रत्येक फळ फोडण्याआधी पैज: कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

पुढे शिक्षण, नोकरी आणि छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाजवळचं बिऱ्हाड. डोंगर सुटला, करवंद सुटलं नाही. मे महिन्यात चौकाच्या कडेला बायका पाटी घेऊन बसत. पळसाच्या पानावर काळ्याभोर करवंदांचा वाटा मिळे. कच्ची हिरवी करवंदं आणली की आई मिरची घालून चटणी वाटायची आणि वर्षाचं लोणचंही घालायची. बेकरीतल्या केकवरची लाल 'चेरी' म्हणजे बहुतेक वेळा रंगवून पाकात मुरवलेलं करवंदच, हे कळलं तेव्हा मला आपल्या माणसाचा सन्मान झाल्यासारखा आनंद झाला.

घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला काटेरी तार न ओढता करवंद लावलं. त्याचं बी फार दिवस टिकत नाही. म्हणून पिकलेल्या फळातलं बी धुऊन लगेच पिशव्यांत पेरलं आणि पुढच्या पावसाळ्यात रोपं जमिनीत गेली. सुरुवातीचे उन्हाळे पाणी दिलं, पुढे तेही लागलं नाही. आपल्याकडे पाऊस जेमतेम सातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पण ही सदाहरित जाळी ऐन वैशाखातही हिरवीगार असते. दुहेरी काट्यांमुळे जनावर तोंड घालत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं येतात आणि संध्याकाळी अंगणभर मंद वास दरवळतो. बुलबुल आतच घरटं बांधतात. छाटणी मात्र फळं उतरल्यावरच करावी, म्हणजे पावसात नवे धुमारे फुटतात.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात दिली आहे. तरीही आपल्या शहरात नव्या घरांभोवती तारा आणि परदेशी शोभेची झुडपंच दिसतात. राखण करणारं, खाऊ घालणारं आणि दुष्काळाला न डगमगणारं कुंपण आपल्याच डोंगरात उभं आहे. येत्या मे महिन्यात करवंदं खाल, तेव्हा बिया फेकू नका. पेरा.