टँकरभर हवा

गाडी नवी असो की जुनी, ती बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारतो. लिटरला किती जाते, हेच इंजिनाबद्दलचं आपलं पहिलं आणि बहुतेक वेळा शेवटचं कुतूहल. त्यातून इंजिन म्हणजे पेट्रोल पिणारं आणि त्या बदल्यात चाक फिरवणारं यंत्र, अशी समजूत पक्की होऊन बसते. समजूत खोटी नाही, पण तिच्या भरवशावर कुणाला इंजिन दुरुस्त करता येणार नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावात, जिथं पावसाळा सरला की धुरळा आणि फाल्गुन सरला की ऊन, तिथं इंजिनं कशानं मरतात हे पाहिलं तर इंधनाचा नंबर बराच खाली लागतो. वर असतात हवा आणि उष्णता. इंजिन समजून घ्यायचं तर या दोघींपासून सुरुवात करावी, टाकीपासून नव्हे, असं माझं म्हणणं आहे.

आधी हवेचा हिशेब. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे लिटरमागे जवळपास अकरा किलो हवा. चैत्रात तापून विरळ झालेल्या हवेत हे अकरा किलो भरायला दहा हजार लिटरच्या घरात जागा लागते. दुष्काळी वर्षात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा; एक लिटर पेट्रोल संपेपर्यंत इंजिनानं तेवढी हवा एअर फिल्टरमधून ओढलेली असते. निकोलाउस ओटोनं १८७६ मध्ये चालवून दाखवलेल्या चार स्ट्रोकांच्या इंजिनात हवेची ही वाट आजही तीच आहे. पिस्टन खाली येताना ती ओढली जाते, वर जाताना दाबली जाते, ठिणगी पडल्यावर फुगून पिस्टनला खाली लोटते आणि शेवटी सायलेन्सरकडे हाकलली जाते. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हवेतला जळणाला उपयोगी प्राणवायू एक पंचमांश. बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. तो जळत नाही, पण ज्वाळेची उष्णता घेऊन फुगतो, आणि पिस्टनवर पडणाऱ्या जोरात मोठा वाटा त्याचाच असतो. पेट्रोल फक्त ती हवा तापवतं. ढकलते हवाच.

म्हणून फिल्टरची हेळसांड इतकी महागात पडते. काळ्या मातीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागं चालणारी जीप जो धुरळा ओढते, त्यात सिलिकाचे बारीक कण असतात. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा बोअर यांच्यामधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा. कण त्याहून जाड असला की तो दोन्हीकडचा धातू खरवडतो. मग कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल वर चढतं, निळा धूर सुरू होतो, आणि मालक म्हणतो पेट्रोलमध्ये भेसळ होती. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं कागदी फिल्टरवर बाहेरून हवा मारून तो स्वच्छ झाला असं मानणारे तर गावोगाव आहेत. त्या फटकाऱ्यानं धूळ कागदात आणखी रुतते, कधी कागदच फाटतो, आणि फाटका फिल्टर हा फिल्टर नसल्यासारखाच. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असे. तो दिसायला ओबडधोबड, पण या मातीला तोच जास्त मानवायचा, असं माझं मत आहे.

डिझेलच्या बाबतीत माझं म्हणणं थोडं वाकतं, हे कबूल. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते आणि हवेच्या प्रमाणात इंधन सोडलं जातं. साध्या डिझेल इंजिनात हवा मावेल तेवढी घेतली जाते आणि ॲक्सिलरेटर इंधन कमीजास्त करतो. तिथं तरी ताकद इंधनावर ठरते की नाही? ठरते, पण हवा पुरते तोवर. तीर्थपुरी-अंकुशनगरकडे ऊस ओढणारे ट्रॅक्टर चढावर काळा धूर ओकतात, आणि डिझेलचा पंप वाढवून घेतल्यामुळं ओढ वाढली म्हणून चालक खूश असतो. काळा धूर म्हणजे हवा न मिळाल्यामुळं अर्धवट राहिलेला कार्बन. त्या वाढीव डिझेलमधून थोडी ओढ मिळते, उरलेलं काजळी होऊन उडतं आणि एग्झॉस्टचं तापमान चढत जातं. खरी ताकद वाढवायची तर जास्त हवा कोंबावी लागते. टर्बो तेच करतो, आणि तेही वाया चाललेल्या धुराच्या जोरावर.

आता उष्णता. लिटरभर पेट्रोलमध्ये विजेच्या भाषेत सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. चांगलं इंजिन त्यातली अडीच-तीन युनिट क्रँकपर्यंत पोचवतं. उरलेली सहा ढोबळमानानं निम्मी सायलेन्सरवाटे आणि निम्मी रेडिएटरवाटे बाहेर पडतात. काम करून देणाऱ्या भागापेक्षा उष्णता बाहेर काढणाऱ्या भागावरचा बोजा मोठा आहे, हे एकदा ध्यानात आलं की रेडिएटरकडे बघायची नजर बदलते. सिलिंडरमध्ये ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि पिस्टन असतो ॲल्युमिनिअमचा, जो ६६० अंशांना वितळतो. तरी तो वितळत नाही, कारण ज्वाळ टिकते क्षणाच्या बारीकशा तुकड्याएवढी आणि पिस्टनची उष्णता रिंगांमधून बोअरला, बोअरमधून पाण्याला, शिवाय खालून ऑइलला सतत दिली जाते. ही साखळी कुठंही तुटली की हेड गॅस्केट उडतं, हेड वाकडं होतं किंवा इंजिन जाम होतं. ती तुटायला बोअरवेलचं जड पाणी पुरतं. कूलंटचे पैसे वाचवून तेच पाणी भरत राहिलं की क्षाराचा थर बसतो, आणि त्यातून उष्णता धातूच्या मानानं फारच कमी जाते.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल, इथं नेहमी वाद होतो. तो काढून टाकला की गाडी गार राहते, हा अनेक अनुभवी हातांचा ठाम सल्ला. अनुभव खोटा नसतो; चोंदलेल्या रेडिएटरची गाडी थर्मोस्टॅटशिवाय एखादा हंगाम निघते. पण मूळ दुखणं रेडिएटरचं असतं आणि ते झाकलं जातं. शिवाय इंजिन गार असणं हे काही चांगलं लक्षण नाही. पाणी ८०-९० अंशांवर राहावं असं धरूनच त्याची मापं ठरलेली असतात. त्याखाली पेट्रोल नीट वाफाळत नाही, भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते, आणि ज्याची सगळ्यांना काळजी ते ॲव्हरेजही पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करत असतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

आता सगळं कॉम्प्युटर ठरवतो, मेकॅनिकनं स्कॅनर लावावा आणि कोड वाचावा, हा नवा आक्षेप. त्या कॉम्प्युटरला माहिती देणारे सेन्सर काय मोजतात ते बघा: आत येणारी हवा, तिचं तापमान, कूलंटचं तापमान, एग्झॉस्टमध्ये उरलेला प्राणवायू. हवा मोजून इंधन ठरवायचं, हीच त्याची रीत. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा हे उघड झालं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून या मिश्रणाला हवा कमी पुरते, किलोला साडेतेराच्या आसपास. सेन्सरची गाडी ते ओळखून इंधन थोडं वाढवते; कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला ते कळत नाही आणि तिचं मिश्रण पातळ होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, तेव्हा ॲव्हरेज थोडं घसरणारच. या भागातला ऊसवाला एका हातानं ऊस घालतो आणि दुसऱ्या हातानं हा फरक भरतो, हे जाता जाता.

आता पुन्हा उष्णतेकडे. समर्थ रामदासांचा जन्म जांबेतला, १६०८ चा, रामनवमीचा. त्यामुळं जांबेत गाड्यांची गर्दी होते ती रेडिएटरच्या दृष्टीनं वाईट दिवसांत. कुंभार पिंपळगावच्या बाजूनं रांग पहिल्या गिअरमध्ये सरकत असते, समोरून वारा लागत नाही, पंखा एकटा राबतो आणि एसी त्याच्यापुढं आपलीही उष्णता टाकत असतो. काटा चढू लागला तर एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण सोडावा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनाची उष्णता तो आत, आपल्या अंगावर आणून टाकतो, आणि काटा पुष्कळदा खाली येतो. तेवढ्यानंही चढतच राहिला तर गाडी कडेला घेऊन बंद करावी, आणि इंजिन पुरतं निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असूनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवलं की ते त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. बेचाळीस अंशांत हीटर लावायला सांगितलं की लोक सांगणाऱ्याकडे वेड्यासारखं बघतात आणि बोनेट उघडून झाकणाला हात घालतात.