पुंगळीचा हिशेब

परवान्याची फाइल इतक्या टेबलांवरून फिरली की रिव्हॉल्व्हर हातात आलं तेव्हा वाटलं, अवघड काम संपलं. काडतूस म्हणजे नेमकं काय, हे अर्ज करेपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही तो प्रश्न पडला नव्हता.

आमच्या शिरूर तालुक्यात परवाना मागायला दोन कारणं असतात, एक अर्जातलं आणि एक मनातलं. अर्जात लिहायचं: वस्ती शिवारात, पाण्याची पाळी रात्रीची, बिबट्याची भीती. भीती खोटी नाही. 2025च्या दिवाळीच्या आगेमागे पिंपरखेड परिसरात बिबट्यानं माणसं मारली, त्यात लेकरंही होती. पण उसातून झेप घेणाऱ्या जनावरापुढे कमरेचं रिव्हॉल्व्हर काय कामाचं? मनातलं कारण लग्नसराईत दिसतं, शर्ट जरा वर सरकलेला असतो. मी काही त्याला अपवाद नव्हे.

2016च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचा दाखला फॉर्म एस-1 वर मिळतो. तिथल्या शिक्षकानं .32चं एक काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. बुडाशी ‘के. एफ.’ अशी इंग्रजी अक्षरं. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपला खडकीचा 1869चा दारूगोळा कारखाना. मी त्याला गोळी म्हटलं. शिक्षक म्हणाला, ‘‘गोळी फक्त टोकाला आहे.’’ पितळेची ती पुंगळी, बुडाच्या मध्यावर टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. घोडा टोपीवर आपटतो, टोपी दारू पेटवते, वायू फुगतो आणि गोळीला ढकलून देतो. नळीतून जाते ती एकटी गोळी, पुंगळी मागेच राहते.

मग आकड्यांचा घोळ. .32 म्हणजे इंचाचे शंभरातले बत्तीस भाग, हे कळलं म्हणेपर्यंत समजलं की गोळीचा व्यास .312 आहे. .38 स्पेशलची गोळी .357 निघाली, .44 मॅग्नमची .429. जुन्या काळी नाव पुंगळीच्या जाडीवरून पडलं, गोळी पुढे बारीक झाली आणि नाव तेच राहिलं. यात शिकणाऱ्याची कीव कुणालाच आली नाही.

अमेरिकेतल्या मावसभावानं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. तिकडे मोठ्या बोअरच्या पिस्तुलांची काडतुसं महाग, आणि त्यात सगळ्यात टिकाऊ आणि खर्चिक भाग पितळेचा. म्हणून लोक वापरलेली पुंगळी धुतात, दाबून मापात आणतात आणि घरच्या टेबलावर पुन्हा भरतात. पानोपानी ‘ग्रेन’. एक ग्रेन 65 मिलिग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन बसतात, हे ताडून पाहिलं तेव्हा कुठे माप डोक्यात शिरलं: .32ची 98 ग्रेनची गोळी म्हणजे साधारण 52 गुंजा. दारूचं माप मात्र त्या मानानं फारच थोडं, आणि चूक होते ती तिथेच. एल्मर कीथ नावाच्या गुरं पाळणाऱ्या माणसानं जबर भरलेली काडतुसं उडवता उडवता एक जुनं कोल्ट रिव्हॉल्व्हर हातातच फोडून घेतलं, मग चेंबरच्या भिंती जाड राहतात म्हणून .44 स्पेशलकडे वळला. 1955च्या .44 मॅग्नममागे त्याचीच खटपट होती.

हाताने बार भरणं आपल्याकडे नवं नाही, हा मुद्दा मी मनात तयार ठेवला होता. 31 डिसेंबर 1817ला शिरूरच्या छावणीतून कोरेगावकडे निघालेला शिपाई कागदी काडतूस दातानं फोडून दारू नळीत ओतायचा आणि गजानं गोळी ठासायचा. मग मला का नको?

हा प्रश्न आणि पुस्तक घेऊन न्हावरे, पारगाव, चौफुला करत दौंडला मामांकडे गेलो. मामा तिथल्याच एसआरपीतून निवृत्त झालेले, बरीच वर्षं हत्यारांच्या कामावर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आरं, तुला भरायची पडलीय. आमचा सगळा जीव रिकामीत असायचा.’’ फायरिंग झालं की जेवढे राउंड दिले तेवढ्या पुंगळ्या जमा. एक कमी पडली तर अख्खी तुकडी गवतात ओणवी. अंधार पडला तर टॉर्च आणायचा, पण रजिस्टर मिटायचं नाही. रिकामी पुंगळी म्हणजे कुणाच्या तरी हातातलं उद्याचं काडतूस, हे त्यांनी समजावून सांगितलं नाही. गवत चाळण्याची हाताची ती हालचाल करून दाखवली.

कायद्यात हे स्पष्ट आहे. शस्त्र बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा तयार करायचा वेगळा. 1959च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम त्यासाठीच आहे, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. मला हे जाचक वाटलं नाही. गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपल्या भागातल्याच वाचतो आपण. वाईट वाटलं ते एवढंच की या हत्यारात डोकं चालवण्यासारखं जे होतं, ते नेमकं माझ्या वाट्याचं नव्हतं. मला दुकानातून मोजून काडतुसं घ्यायची, परवान्यावर नोंद करून घ्यायची.

मामांना इंग्रजी येत नाही, पण पुस्तकातली चित्रं त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिली. एका चित्रात दाढीवाला माणूस पितळेच्या ढिगासमोर हसत बसला होता. त्याच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘ह्याचं रजिस्टर कुठाय?’’